दोमिर आणि याबोकची घंटा

नेरूळ,
१३ जानेवारी २०२५

चि. नंदकिशोर यास,
अनेक आशीर्वाद. वयाच्या अधिकाराने द्यावे लागतात म्हणून दिले आहेत. मनापासूनचे हवे असतील तर खालचा मजकूर वाच आणि निस्तर.

रविवार, १२ जानेवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, उरणच्या हॉलमध्ये, स्वतःच्या पुस्तकाच्या प्रकाशनात, तू बाबांची पितळी घंटा टेबलावरून उचललीस आणि शाल-श्रीफळाबरोबर दिनानाथशेठ बिल्डरच्या हातात ठेवलीस. घड्याळ तुझ्या डोक्यावरच होतं, म्हणून वेळ पक्की सांगते. मी तिसऱ्या रांगेतून उठून उभी राहिले. निवेदन करणाऱ्या मुलीला वाटलं, मोठ्या भगिनी सत्कारासाठी उठल्या आहेत. तिने मला पुष्पगुच्छ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गुच्छ घेऊन खाली बसले. पंच्याहत्तर वर्षांत माझी अशी बोलती कधी बंद झाली नव्हती, हे तुला ठाऊक आहे.

रात्रभर झोप नाही. फोन करणार नाही, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडावं लागतं. शिवाय भांडण कागदावर करायचं ही बाबांची शिस्त होती. सकाळी तू व्हॉट्सअ‍ॅपवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलंस. त्याला मी उत्तर समजत नाही.

आता नीट वाच. ती घंटा तुझी नाही, माझी नाही, बाबांचीही नव्हती. ती ठेव आहे. ईशान्य सीमेवर, सियांग नदीच्या वरच्या अंगाला दोमिर आणि याबोक ही दोन गावं. दोघांमध्ये एका उतारावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर, माणसं मेलेली. १९५९ च्या जानेवारीत त्यांनी समेट केला. त्यांची रीत अशी, की समेट झाला की घंटेची जीभ काढायची आणि मुकी घंटा तिसऱ्या घरी ठेवायची. तिसरं घर म्हणजे ज्याचं दोन्ही गावांत एकही शेत नाही असं. घंटा त्या घरात गप्प आहे तोवर भांडणही गप्प. बाबा तिथल्या चौकीवर वायरलेस चालवत. त्यांचं शेत उरणला. म्हणून घंटा त्यांच्याकडे आली. परक्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, असा प्रश्न निघाला तेव्हा चौकीच्या दुभाष्याने स्वतःची उतारावरची जमीन जामीन ठेवली. त्या दुभाष्याची मुलगी ओयिन माझ्याबरोबर शिलाँगच्या कॉन्व्हेंटात एका बाकावर बसायची. आज ती पासिघाटच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्याच जमिनीवर राहते. संत्र्याची बाग आहे, बागेत घर आहे, दुसरं काही नाही.

आणि हे मी तुला दोन जानेवारीला सांगितलं होतं, की दोन्ही गावांनी मिळून घंटा परत मागितली आहे. उतारावरून नवा रस्ता जाणार, हद्द पुन्हा ठरणार. २० फेब्रुवारीला, त्यांच्या राज्याच्या वर्धापनदिनी, दोन्ही गावं एकत्र बसणार. घंटा आली नाही तर समेट मोडला आणि ओयिनची बाग दोन्ही गावांत वाटली जाणार. तू बरं म्हणालास. मला वाटलं तुला कळलं. तुला एवढंच कळलं की ताईला घंटा काही दिवस हवी आहे, आणि त्याआधी ती स्टेजवर मांडून घ्यावी.

पुस्तकाबद्दल वेगळं लिहिणार होते, पण राहवत नाही. पहिल्या प्रकरणाचं नाव 'अज्ञात प्रदेशाचा शोध'. नंदू, बाबांनी प्रदेश शोधला नाही. बाबांनी बॅटऱ्या चार्ज केल्या. त्यांच्या आधी चाळीस-पन्नास वर्षं गोरे साहेब मोजणीच्या साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन त्या नदीचं कोडं सोडवायला येत होते, की तिबेटातली नदी हीच का. ज्या गावांत मुक्काम केला ती गावं हीच नदी पीत होती, त्यांना कोणी विचारलं नाही. १९११ साली एक गोरा अधिकारी तिकडे मारला गेला, मग फौज गेली, गावं जळली, फौजेमागोमाग नकाशेवाले गेले. १९१४ साली सिमल्यात बसून डोंगरावरून रेघ मारली. आपलं सरकार आलं ते त्याच्याही कितीतरी नंतर. घंटा या सगळ्यांच्या आधीची आहे. तिबेटी व्यापाऱ्यांनी मिठाबरोबर आणलेली. आणि तू लिहितोस, 'बाबांच्या आगमनापूर्वी या भूमीला इतिहास नव्हता.' हे वाक्य छापखान्यातल्या माणसालाही खटकलं नाही?

शेठकडे जा. घंटा घेऊन ये. विमलला सांभाळून असायला सांग, तिचा गुडघा दुखत होता.

लोभ आहे. किती आहे ते घंटा आली की कळवीन.
तुझी ताई,
सुचिता

---

उरण,
१७ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. विमलने मोठ्याने वाचायला लावलं म्हणून तिसऱ्यांदाही.

आधी घडलं ते सांगतो, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. स्मृतिचिन्हं पनवेलच्या दुकानात सांगितली होती. सकाळी खोकं आलं, उघडून बघतो तर आत क्रिकेट टुर्नामेंटच्या ट्रॉफ्या. 'बेस्ट बॉलर', 'मॅन ऑफ द सिरीज', टेनिस बॉल, ओव्हरआर्म. आपली स्मृतिचिन्हं उलव्याच्या मैदानावर गेली होती. पाहुणे स्टेजवर बसलेले, हॉल भरलेला, आणि ज्यांनी पुस्तकाचा सगळा भार उचलला त्या शेठना मी काय देऊ? बेस्ट बॉलर देऊ? शाल दिली, नारळ दिला, आणि तिसऱ्या वस्तूसाठी हात पुढे गेला तर हाताशी घंटा. मागून निवेदिका म्हणतेय, आता स्मृतिचिन्ह देऊन. ताई, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? तू कदाचित शेठना दोन शब्द सुनावले असतेस. मला ते जमत नाही.

ठेव वगैरे हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही, आणि दोन तारखेला तू सांगितलंस ते मला अर्धंच ऐकू आलं. बाबा मला एवढंच म्हणायचे की तिकडच्या लोकांनी दिली आहे. दिली म्हणजे दिली, असंच मी धरलं. आईने ती देवाच्या फळीवर ठेवली, विमल दर दसऱ्याला हळद-कुंकू लावते. जीभ नाही म्हणून आम्ही समजत होतो की जुनी आहे, पडली असेल.

आता परत मागायचं म्हणतेस. स्टेजवर चारशे माणसांसमोर केलेला सत्कार परत कसा मागतात, हे तुमच्या कॉन्व्हेंटात शिकवत असतील तर मला कळव. शेठ सारसोळ्याचे आहेत, आमच्या चिरंजीवांचं, तेजसचं ऑफिस त्यांच्याच बिल्डिंगमध्ये आहे. माणूस दिलदार आहे, पण मानी आहे. मी विचार करतोय की पनवेलच्या भांडीबाजारात तशीच एक पितळी घंटा मिळेल, ती तुझ्या मैत्रिणीला पाठवून देऊ. साठ वर्षांनी कोण ओळखणार आहे? हे विमलसमोर बोललो तर ती म्हणाली, की आज घंटा बदलाल, उद्या बायको बदलाल. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलत नाही. तुला बरं वाटावं म्हणून लिहितो.

पुस्तकाबद्दल तू बोललीस ते लागलं. सहा वर्षं बसलो होतो त्यावर. कंटेनर यार्डातल्या नोकरीतून सुटल्यावर लोक मॉर्निंग वॉक करतात, मी बाबांच्या फोटोंखाली नावं लिहीत बसलो. 'इतिहास नव्हता' हे वाक्य जरा जास्त झालं असेल. बाकी पुस्तकाला सगळे चांगलं म्हणाले. तू एकटीनेच चुका काढल्यास, आणि पुष्पगुच्छ पण घेऊन गेलीस.

गुडघा बरा आहे. लोभ आहेच म्हणतेस तर तो असाच राहू दे.
तुझा,
नंदू

---

नेरूळ,
२३ जानेवारी २०२५

चि. नंदूस,
आशीर्वाद.

तू शेठकडे जात नाहीस असं दिसल्यावर मी गेले. काल, पाम बीच रोडवरच्या त्यांच्या सेल्स ऑफिसात. जे पाहिलं ते लिहिते.

काचेचं दार उघडून आत गेले. समोर संगमरवरी काउंटर, काउंटरवर इमारतीचं मॉडेल, आणि वर सोनेरी साखळीला आपली घंटा. घासून अशी चकचकीत केली आहे की मला आधी ती ओळखूच आली नाही. मग कडेचा तो पोचा दिसला, बासष्ट सालचा. खुर्चीत बसले. मुलीने पाणी दिलं, टू-बीएचके की थ्री-बीएचके असं विचारलं. मी म्हटलं, आधी ही घंटा इथे का टांगली आहे ते सांग. ती हौसेने म्हणाली, आमची नवी पद्धत आहे मॅडम, फ्लॅट बुक झाला की वाजवायची.

मला वाटलं, जीभ नाही, वाजणार कशी. तेवढ्यात एका तरुण जोडप्याने सही केली. मॅनेजर उठला, दोरी ओढली, आणि घंटा वाजली. नंदू, त्यांनी तिला नवी जीभ बसवली आहे. स्टीलची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या मुलीने माझ्या हातावर पेढा ठेवला. मी पेढा हातात धरून उभी. माझ्या आठवणीत ती घंटा एकदाच वाजली होती.

ते तुला कधी सांगितलेलं नाही, आता सांगते. मी नऊ वर्षांची होते. शाळेला हिवाळ्याची सुट्टी, म्हणून बाबांनी मला चौकीवर आणलं होतं. सकाळी धुकं उतरेपर्यंत दोन्ही गावची माणसं मैदानाच्या दोन टोकांना बसून राहिली. पुरुषांच्या कमरेला दाव, म्हणजे त्यांचे लांब कोयते, बायका मागे. दोमिरच्या म्हाताऱ्याने घंटा एकदा वाजवली, सगळ्यांना ऐकू जावी म्हणून. मग याबोकच्या म्हाताऱ्याने तिची जीभ काढली आणि नदीत टाकली. घंटा घेऊन ते दोघे मिळून बाबांकडे आले. ओयिनच्या वडिलांनी मध्ये उभं राहून आपली जमीन बोलून दाखवली. ओयिन माझ्या शेजारी उभी होती. मी तिला इंग्रजीत विचारलं, हे काय चाललं आहे? ती म्हणाली, की माझा बाप तुझ्या बापासाठी घर पणाला लावतो आहे, तू जरा गप्प बस. कॉन्व्हेंटात मला असं कोणी बोललं नव्हतं.

बाबांना त्या वेळी सगळं कळलं होतं, असं समजू नकोस. पण बासष्टच्या नोव्हेंबरात चौकी सोडायचा हुकूम आला तेव्हा त्यांनी ट्रंक सोडली, गरम कपडे सोडले, आईने पाठवलेला स्टोव्ह सोडला, आणि ही घंटा कोटात गुंडाळून पायी खाली उतरले. पोचा तेव्हाचा. तुझ्या पुस्तकात त्या प्रसंगाचं वर्णन आहे, 'शौर्यपूर्ण माघार.' त्यात घंटेचा उल्लेख नाही, कारण तुला माहीत नव्हतं आणि तू मला विचारलं नाहीस.

मी मॅनेजरला म्हटलं, शेठना बोलवा. शेठ दुबईला. रविवारी येणार. मी म्हटलं, तोवर निदान वाजवू नका. तो नम्रपणे म्हणाला, मॅडम, ऑफर सुरू आहे.

घरी येऊन ओयिनला फोन केला. ती म्हणाली, इथवर आवाज आला नाही, तेवढं बरं. आणि हसली. हसली, नंदू. मग म्हणाली, की याबोकची तरुण मुलं आताच म्हणू लागली आहेत, की घंटा-बिंटा सोडा, कोर्टात जाऊ, आणि दोमिरची म्हणतात कोर्टात कशाला, दाव आहेत. म्हाताऱ्यांच्या हातात एवढी एक घंटाच उरली आहे. बागेला या वर्षी संत्री चांगली आली होती म्हणाली. बाग जाईल तर जाईल, पण माझ्या बापाने एका वायरलेसवाल्यावर विश्वास ठेवून चूक केली असं लोक म्हणतील, तेवढं मला ऐकवणार नाही, असंही म्हणाली.

आता तुझ्या पुस्तकातल्या त्या 'अज्ञात' आणि 'निर्मनुष्य' शब्दांबद्दल. आपल्या मामाची मिठागरं आठवतात? नव्या शहराचा नकाशा आला तेव्हा त्यावर मामाच्या आगराच्या जागी नुसता पांढरा कागद होता. तू तेव्हा कॉलेजात होतास, नकाशा पाहून आलास आणि जेवला नाहीस. म्हणालास, आपण इथे राहतो हे यांना दिसत नाही का? तू हे म्हणालेला माणूस आहेस. सियांगच्या काठी माणसं नव्हती, असं लिहायला तुझा हात कसा धजला, याचा मला घंटेइतकाच धक्का बसला आहे.

पनवेलची दुसरी घंटा पाठवायची कल्पना पुन्हा कोणासमोर बोलू नकोस. विमलने बरोबर उत्तर दिलं आहे. तिला माझ्याकडून शाबासकी सांग.

रविवारी शेठ येतात. रविवारी तू जायचंस. मानी माणसाकडे मानी माणसानेच जावं लागतं, मी गेले तर भांडण होईल.

लोभ तुझ्या पायांवर अवलंबून आहे, ते सारसोळ्याच्या दिशेने वळले तर वाढेल.
सुचिता

---

उरण,
१ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. घंटा घरी आली आहे. आधी एवढं वाच आणि पाणी पी, मग पुढचं वाच.

गेल्या रविवारी गेलो. एकटा जाणार होतो, विमल रिक्षात येऊन बसली, गुडघ्यासकट. शेठ घरीच होते, सारसोळ्यात, जुन्या घरी. मी तिथे काय बोलावं हे उरणपासून पाठ करत गेलो होतो. पोचल्यावर सगळं विसरलो. शेठनी चहा मागवला, पुस्तकाची तारीफ केली, म्हणाले घंटा लई लकी हाय, दहा दिवसांत जेवढं बुकिंग झालं तेवढं दिवाळीला नव्हतं. मी म्हटलं, शेठ, ती परत पाहिजे. ते हसले, त्यांना गंमत वाटली. मग हसायचं थांबले. म्हणाले, घरत, दिलेला मान कोन परत मागतो? मी काय कमी केलं का तुमचं? तेजसचं नावही काढलं.

शेठची आई बायजाबाई आत सुपारी कातरत बसली होती. तिने विमलला विचारलं, काय झालं गं? विमलने तिला तुझं पहिलं पत्र जसंच्या तसं सांगितलं, मला मोठ्याने वाचायला लावल्याचा फायदा. ती म्हातारी बाहेर आली आणि मुलाला म्हणाली, की दोन गावांचा समेट दुकानात टांगून पेढे वाटतोस, लाज नाय वाटत? खाडीतल्या जाळ्यांच्या खुंटांवरून आपली किती डोकी फुटलीत, तुझा आजा गेला तो कशानं गेला, इसरलास? जा आन ती काढून आण, मी अंगोळीला उठायच्या आत. शेठ पन्नाशीचे आहेत, ताई. गप उठले, चप्पल घातली आणि स्वतः गाडी घेऊन गेले.

आता दुसरं. रागावू नकोस. रागावशीलच, पण लिहिल्याशिवाय सुटका नाही. शेठनी घंटा आणून माझ्या हातात दिली तेव्हा कापडात होती. घरी येऊन सोडली. जीभ काढून दिली होती. पण घंटेच्या पोटावर नाव घातलं आहे. आपण भांड्यांवर घालतो तसं, मशीनने. 'श्री. दिनानाथशेठ यांस नंदकिशोर घरत यांजकडून सप्रेम भेट.' खाली तारीख. त्यांच्या ऑफिसातल्या माणसाने हौसेने घालून घेतलं. त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक वस्तूवर घालतात म्हणे, नाहीतर कोणी काय दिलं लक्षात राहत नाही.

मी कालच पनवेलला चौकशी केली. बफिंग करून नाव पूर्ण जातं, दिसणारही नाही. तू हो म्हण, दोन दिवसांत करून आणतो. कोणाला काही सांगायची गरज नाही.

आणखी एक लिहायचं होतं. पुस्तकात चुका आहेत हे मान्य. तू विचारलंस, मला का विचारलं नाहीस. ताई, लहानपणी प्रत्येक सुट्टीत तू तिकडे असायचीस. बाबा रजेवर येत तेव्हा तू आणि ते डोंगर, नदी, माणसं यांच्याबद्दल बोलत राहायचात आणि मी जेवणाच्या ताटावर बसून ऐकायचो. मला एकदाही कोणी नेलं नाही. लहान होतो, मग युद्ध झालं, मग बाबा परतच आले. मला तो प्रदेश बाबांच्या फोटोंतून काढावा लागला. तुला विचारलं असतं तर तो पुन्हा तुझा झाला असता. म्हणून नाही विचारलं. आता बोल काय बोलायचं ते.

बफिंगचं लगेच कळव. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
नंदू

---

नेरूळ,
६ फेब्रुवारी २०२५

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

तुझं पत्र उघडलं तेव्हा मी बाल्कनीत होते. नाव घातल्याचं तिथेच वाचलं. त्या घंटेवर कधी कोणाचं नाव नव्हतं, ना तिबेटी व्यापाऱ्याचं, ना दोमिरचं, ना याबोकचं. फौज आली, साहेब आले, आपलं सरकार आलं, बहात्तर साली प्रदेशाचं नाव बदललं, सत्त्याऐंशीला राज्य झालं, कोणी तिच्यावर ओरखडा काढला नाही. आणि उरणला राहून आपण तिच्यावर 'सप्रेम भेट' घालून घेतलं. आपणच. स्टीलच्या वाटीवर घालतो तसं.

बफिंग करायचं नाही. ओयिनला सगळं सांगितलं, तुझं शेवटचं पान सोडून. ते तिला सांगायचा अधिकार माझा नाही. ती म्हणाली, नाव घासून काढलंत तर ते लपवणं झालं. लपवलेलं उघडं पडलं की जामीन जातो, आणि असं काही फार दिवस झाकून राहत नाही, इकडेही नाही आणि तुमच्याकडेही नाही. घंटेला काही झालं असेल तर त्यांच्या रीतीत एकच वाट आहे. ज्याच्या हातून झालं त्याने दोन्ही गावांच्या मध्ये उभं राहून, कागद हातात न धरता, स्वतःच्या तोंडाने सांगायचं. काय केलं, का केलं, माहीत होतं की नव्हतं. खरं सांगितलं असं म्हाताऱ्यांना वाटलं, तर जामीन मोकळा होतो. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी सांगितलं तर ते धरत नाहीत.

म्हणजे तुझ्याऐवजी मी बोलले तर बाग जाते. मी हजार गोष्टी बोलू शकते, पण ती घंटा मी दिली नाही.

मग ओयिन म्हणाली, की दोन्ही गावचे म्हातारे पहिल्या दिवसापासून विचारताहेत, त्या वायरलेसवाल्याच्या घरात आता कोण आहे? मुलगा आहे ना, मग तो येणार ना? माझं नाव कोणी काढलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांच्या हिशेबी घंटेचं घर उरणला आहे आणि त्या घरात तू आहेस. हा प्रदेश तुला फोटोंतून काढावा लागला असं तू लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. एवढंच सांगते, की तिकडे तुझी वाट बघताहेत.

मुंबईहून गुवाहाटी, तिथून दिब्रुगड, पुढे पूल ओलांडून पासिघाट, तिथे ओयिनचा भाचा जीप घेऊन येईल. शेवटचा तुकडा चालत आहे, आणि चढ आहे. आत शिरायला परवाना लागतो, १८७३ सालच्या इंग्रजी कायद्याने आखलेली परवान्याची रेघ अजून आहे, त्यासाठी पासपोर्ट साइझचे फोटो पाठव. टोपी घालून काढलेले नकोत. विमलला यायचं असेल तर तिचेही पाठव. गुडघ्याचं ओयिनला विचारलं, ती म्हणाली तिला उचलून नेतील, त्यांना सवय आहे. शेठनी काल फोन केला होता, विमानाची तिकिटं आपल्याकडून असं म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांच्या आईने मात्र ओयिनसाठी सुक्या जवळ्याचा डबा पाठवला आहे, तो मी घेतला.

तिकडे काय बोलायचं ते पाठ करून येऊ नकोस. दुभाषी ओयिन आहे, तू मराठीत बोललास तर मी तिला इंग्रजीत सांगीन, ती त्यांना सांगेल. बेस्ट बॉलरचंही सांग. ते हसतील, आणि मग कदाचित ऐकतील. कदाचित नाही ऐकणार. ते मला माहीत नाही, ओयिनलाही माहीत नाही. तिने या वर्षीची संत्री अजून विकायला काढलेली नाहीत, तू येईपर्यंत झाडावर ठेवते म्हणाली.

तिकिटं मला सोमवारी रात्री काढायची आहेत. म्हणून तू येतोस की नाही हे सोमवार, १० फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजायच्या आत, तुझ्या अक्षरात, माझ्या हातात पाहिजे. तेजसबरोबर पाठव, टपालावर विसंबू नकोस. हात जोडलेलं चित्र चालणार नाही, अंगठा चालणार नाही, बघतो आणि कळवतो हेही चालणार नाही. होय किंवा नाही. नाही असेल तर ओयिनला ते तू स्वतः कळवायचंस, मी कळवणार नाही. आणि होय असेल तर खाली बुटांचा नंबर लिही, त्या तुझ्या सँडलवर मी तुला डोंगर चढू देणार नाही.

उत्तराची वाट पाहते. लोभ होताच.
तुझी ताई,
सुचिता